आधी माती, मग काठी
मी मराठी शिकविणारा माणूस. पण गोल्फमधला एक हिशेब मला फार आवडतो. अडीचशे यार्डांचा टोला एकच फटका मोजतात, आणि वीस यार्डांचा हलका फटकाही एकच! म्हणून जवळच्या फटक्यांची ‘वेज’ नीट पारखून घ्यावी. ४६ अंश कलाची वेज चेंडू पुढे घरंगळत नेते, ६० अंशांची उंच उडवून लवकर थांबविते. पण खरी मेख तळाच्या फुगवट्यात! जीन साराझेनने तळाला डाख चढवून वाळूसाठी वेज घडविली आणि १९३२ साली ब्रिटिश ओपन जिंकली. फुगीर तळ मऊ वाळूत रुतत नाही. कडक जमिनीवर मात्र तोच उसळतो. तेव्हा वाचकहो, आधी आपल्या मैदानाची माती पाहावी, मगच दुकानाची पायरी चढावी.