समित्या वाढल्या, बैठक आटली

पहूरला ग्रामपंचायती दोन आहेत. एक पेठेची, एक कसब्याची. जळगावहून अजिंठ्याकडे निघालेल्या परक्या माणसाला हे एकच गजबजलेलं गाव वाटतं. हॉटेलं, भाजीवाले, एसटीचा थांबा, जामनेर-पाचोऱ्याकडे फुटणारे रस्ते. पण गावासाठी काही काम काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न कामाचा नसतो. पेठेतून कोण आणि कसब्यातून कोण, हा असतो. वाघूर नदी दोघांची एकच, पण दप्तरं दोन आणि सरपंचही दोन. अशा गावात राहणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. कामं वाटून देणं सोपं असतं, निर्णय वाटून घेणं फार अवघड. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या गावागावांत स्वयंसेवेच्या नावाखाली जे उभं राहिलं, आणि त्यातलं जे पडलं, त्याच्याकडे मी याच नजरेनं पाहतो.

सुरुवात २००० सालापासून करायला हवी. त्या वर्षी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना प्रभातफेऱ्या आठवतील, चुन्यानं रंगवलेल्या भिंती आठवतील, हातात खराटा घेतलेले मास्तर आणि त्यांच्यामागे निघालेली पोरं आठवतील. त्या अभियानाची मोठी ताकद अशी की त्यात यायला कुणाला पद लागत नव्हतं. घरातली केरसुणी घेऊन निघालं की माणूस स्वयंसेवक झाला. बायका मोठ्या संख्येनं बाहेर पडल्या, आणि गटारीबद्दल, हागणदारीबद्दल चारचौघांत बोलू लागल्या. हे साधं नव्हतं. पण कुठली गल्ली आधी, कुठला उकिरडा हलवायचा, पैसे कशावर घालायचे हे बहुतेक ठिकाणी तपासणीच्या गुणपत्रकावरून ठरायचं. तपासणी पथकाची तारीख जवळ आली की गाव झटायचं आणि पथक गेलं की खराटे कोपऱ्यात जायचे. गावानं घाम मनापासून गाळला, यात मला तिळमात्र शंका नाही. फक्त तो कशासाठी गाळायचा हे गावाला कुणी विचारलं नव्हतं.

१५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटेचे, भाऊबंदकीचे कितीतरी वाद ओट्यावर मिटले, कोर्टाच्या पायऱ्या वाचल्या. समितीचा अध्यक्ष चांगला असेल तर दोन्हीकडचे लोक त्याचा शब्द मानायचे. मग हळूहळू त्या अध्यक्षपदालाच वजन आलं. ग्रामसभेत त्याच पदावरून आवाज चढू लागले, आणि काही गावांत प्रकरण हातघाईवर गेलं. वाईट वाटतं ते याचं की त्यामुळे समितीत निमूटपणे काम करणारी माणसं मागे सरली.

दरम्यान कायद्यांतून, योजनांतून समित्या येतच होत्या. शाळा व्यवस्थापन समिती, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, जैवविविधता व्यवस्थापन समिती, जिथे जंगल आहे तिथे वनहक्क समिती. यांतल्या प्रत्येकीमागचा विचार चांगला आहे. शाळेच्या समितीत तीनचतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात, असं कायदा म्हणतो. पण कुठल्याही मध्यम गावाच्या पंचायतीतल्या याद्या शेजारीशेजारी मांडून पाहा. तीच आठ-दहा नावं फिरून फिरून येतात. एकच आप्पा शाळेतही, पाण्यातही आणि तंट्यातही. आप्पांचं मन मोठं असेल, पण दिवस त्यांनाही चोवीस तासांचाच. आणि जिचं नाव यादीत आहे त्या वहिनींना सहीपुरतं घरी रजिस्टर येतं. अशा समितीत भूमिका कागदावर नेमक्या असतात आणि विचारविनिमय मात्र कुठेच नसतो.

खरं तर खानदेशात भूमिका वाटण्याची कला बाहेरून कुणी शिकवायची गरज नव्हती. बारागाड्यांचं उदाहरण घ्या. मरीमातेच्या किंवा खंडेरावाच्या यात्रेत एकापुढे एक बारा गाड्या जोडायच्या, त्यांवर माणसं बसवायची आणि भगतानं त्या ओढायच्या, ही प्रथा इकडच्या कितीतरी गावांत आहे. भगत सगळ्यांना दिसतो. पण त्याच्या दोन्ही अंगांना धरणारे बगले असतात, जोखडं आणि दोर तपासणारे असतात, चाकांजवळ गर्दी येऊ न देणारे असतात, पल्ला कुठून कुठवर आणि थांबायचं कुठे हे ठरवणारे जुनेजाणते असतात. यातलं काहीच कुठे छापलेलं नसतं, तरी प्रत्येकाला आपली जागा ठाऊक असते. चाकाकडे बघणारा जरा चुकला तर जीव जातो. असे अपघात झालेले आहेत आणि खानदेशानं ते दुःख सोसलेलं आहे. त्यामुळे चाकाजवळच्या माणसानं हात वर केला की पुढच्यानं थांबायचंच, मग पुढे कितीही मोठा माणूस असो. कामाच्या जागी उभा असलेल्याला थांबवण्याचा अधिकार असणं ही फार मोलाची रीत आहे. आमच्या समित्यांत ती उतरली नाही. तिथे चाकाजवळच्या माणसाला बैठकीचं बोलावणंही नसतं.

मोठ्या प्रमाणावर कामं वाटून नेल्याचा या भागातला सगळ्यात मोठा दाखला फैजपूरचा. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात भरलं ते इथे, पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली. खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींनी आणि त्यांच्या सोबत्यांनी आसपासची गावं कामाला लावली. साने गुरुजी त्यासाठी गावोगाव हिंडले. नंदलाल बोसांनी बांबू, चटया, गावातल्याच वस्तू वापरून अधिवेशनाचं टिळकनगर सजवलं. पाणी, रांधणं, मुक्काम, सफाई ही कामं स्वयंसेवकांच्या अंगावर होती, आणि या माणसांनी त्याआधी एवढा पसारा कधी पाहिलेला नव्हता. तरी ते पार पडलं. पण अधिवेशनाला शेवटचा दिवस असतो. तंबू उठतात, माणसं घरी जातात. गल्लीतल्या स्वयंसेवी गटाला असा शेवटचा दिवस नसतो, आणि त्याची खरी परीक्षा तिथेच होते.

ती परीक्षा दिलेलं गाव आपल्याच शेजारच्या जिल्ह्यात आहे. धुळ्याच्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा. गुजरातच्या सीमेलगतचा छोटा कोकणा आदिवासी पाडा. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तिथलं जंगल उजाड झालं होतं, झरे आटले होते, बायकांची पाण्यासाठी वणवण चालली होती. चैत्राम पवार हा तिथला एम. कॉम. झालेला मुलगा. नोकरीच्या वाटेला न जाता तो पाड्यावर राहिला. वनवासी कल्याण आश्रमाची सोबत होती. पण खरा बदल झाला तो पाड्यानं एकत्र बसून जंगलाचे नियम केले तेव्हा. झाड तोडायचं नाही, तोडलं तर दंड. राखणदार गावानं नेमायचे आणि त्यांचं गावानंच बघायचं. दारूच्या भट्ट्या बंद. आज चारशे हेक्टरांहून जास्त जंगल या पाड्यानं जपलं आहे. २००४ पासून तिथे रानभाज्यांची पाककृती स्पर्धा भरते. चैत्रामदादांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळ्या खानदेशाला आनंद झाला.

पुरस्काराची बातमी सगळ्यांनी वाचली. मला त्या नियमांबद्दल थोडं थांबून बोलायचं आहे. झाड तोडायचं नाही असं ठरवणं हे चूल पेटवणाऱ्या बाईच्या डोक्यावरचं ओझं वाढवणं असतं. चराईला बंदी म्हणजे शेळ्यावाल्याच्या पोटाला चिमटा. निर्णयाची किंमत जो मोजणार तो निर्णयाच्या बैठकीत नसेल तर नियम पहिल्या उन्हाळ्यातच मोडतो, आणि मोडणाऱ्याला दोष देता येत नाही. धुळे जिल्ह्यातल्याच लामकानीत डॉ. धनंजय नेवाडकरांनी गावाला बरोबर घेऊन डोंगरावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी राबवली. तिथे डोंगरावर पुन्हा गवत उभं राहिलं. अशा ठिकाणी वरून हुकूम काढून भागत नाही. जनावरं बांधायची तर वैरण कुठून, याचं उत्तर आधी सापडावं लागतं, आणि ते जनावरं राखणाऱ्यालाच विचारावं लागतं. दंड घेणारा आणि दंड देणारा उद्या एकाच पंगतीला बसणार असतात. त्यामुळे दंडाचा आकडा दोघांनी मिळून ठरवलेला असावा लागतो.

आणखी एक गोष्ट गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाकडून घेण्यासारखी आहे. तिथे ग्रामसभा बहुमतानं निर्णय घेत नाही, सर्वसहमतीनं घेते. मतभेद उरला तर विषय पुढच्या बैठकीला जातो. पण त्याहून महत्त्वाचा वाटतो तो तिथला अभ्यास गट. हा गट कायदे वाचतो, जाणकारांना बोलावतो, प्रश्नाची उलटसुलट बाजू तपासतो, पण निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं हे गाव वर्षानुवर्षं असं बसत राहिलं, आणि २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत त्याचं नाव लागलं. शिकलेला माणूस आणि ठरवणारा माणूस यांची अशी फारकत आपल्याकडे नाही. आपल्याकडे ज्याला वाचता येतं तोच ठरवतो आणि बाकीचे 'बरं भाऊ' म्हणून उठतात. सर्वसहमती हा विनोबांचा आग्रह. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर अठरा रविवार प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. विनोबा इथल्या मातीला एवढे जवळचे, तरी हा त्यांचा धडा गडचिरोलीकडून शिकायचं आमच्याकडून राहूनच गेलं आहे.

सर्वसहमतीला वेळ लागतो, हे खरं आहे. आडमुठा एक माणूस सगळ्यांना अडवून धरू शकतो, हेही खरं. मलाही प्रत्येक किरकोळ गोष्टीसाठी सगळं गाव बसवावं असं वाटत नाही. गणेशोत्सवाचा मंडप कुठल्या दुकानातून आणायचा हे ज्याच्याकडे मंडपाचं काम आहे त्यानं ठरवावं, आणि बाकीच्यांनी त्यात बोट घालू नये. पण वर्गणी किती, ती कुणाकडून घ्यायची नाही, शिल्लक पैशांचं काय, पुढच्या वर्षी खजिनदार कोण, हे मोजके विषय सगळ्यांचे असावेत. गणेश मंडळांकडे बघितलं तर जी मंडळं पन्नास-पन्नास वर्षं टिकली त्यांत हिशेबाचा कागद विसर्जनानंतर भिंतीवर लागतो आणि खजिनदार बदलत राहतो. जिथे पावतीपुस्तक एकाच घरात राहिलं, तिथे मंडळ फुटून पलीकडच्या चौकात दुसरं उभं राहिलं. नोंदणीकृत संस्थांची तऱ्हाही वेगळी नाही. पदाधिकारी बदलल्याचा अर्ज धर्मादाय कार्यालयात वादात अडकला की चांगली चालती वाचनालयं आणि व्यायामशाळा वर्षानुवर्षं कुलपात पडतात.

पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ ते २०१९ चालली. तिनं या बाबतीत एक शहाणपण दाखवलं. प्रत्येक गावातून पाच जण प्रशिक्षणाला, आणि त्यांत दोन बायका असायलाच हव्यात. गावचा पुढारी एकटाच शिकून आला असं होत नव्हतं. ४५ दिवसांच्या श्रमदानात उतार मोजणारी पोरगी आणि टिकाव मारणारा आजोबा एकमेकांशी वाद घालताना दिसायचे, तो वाद मला त्या स्पर्धेतल्या बक्षिसापेक्षा मोठा वाटला. स्पर्धा संपल्यावर बऱ्याच गावांत ते पाच जण विखुरले, हे मात्र सांगायला हवं.

मार्च २०२० मध्ये कोविडबरोबर दोन गोष्टी झाल्या. गावोगावची तरुण पोरं वेशीवर उभी राहिली, किराणा आणि औषधं घरोघर पोचवू लागली. आणि निर्णय पारावरून मोबाइलमध्ये गेले. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. पण साथ ओसरली तरी बैठक परत आली नाही. ग्रुपचा ॲडमिन हे एक नवं पद तयार झालं, ज्याची निवड कुणी केलेली नाही. रात्री अकराला प्रश्न पडतो, सकाळपर्यंत वीस अंगठे येतात आणि ठरलं असं समजलं जातं. मोबाइल नसलेली मावशी, शिफ्टला गेलेला कामगार, लिहायला संकोचणारा म्हातारा यांचा अंगठा त्यात नसतो.

त्याच मार्चमध्ये पाचोरा-जामनेर ही आपली छोटी रेल्वे थांबली. पीजे. शतकभर ती पहूरवरून गेली. शेंदुर्णीचा बाजार, पाचोऱ्याचं कॉलेज, लेकीबाळींचं माहेर सगळं तिच्यावर होतं. ती पुन्हा सुरू होणार नाही अशी चिन्हं दिसल्यावर पीजे बचाव कृती समिती उभी राहिली. निवेदनं, आंदोलनं, पाठपुरावा झाला. वेगवेगळ्या पक्षांची माणसं एका मागणीसाठी एकत्र बसली याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पुढे ब्रॉडगेज आणि बोदवडपर्यंतच्या विस्ताराला मंजुरी मिळाली.

आता या मार्गाच्या गावांपुढचे प्रश्न मागणीचे नाहीत. स्थानकाला जाणारा रस्ता कुठून, फाटकाऐवजी भुयारी वाट झाली तर पावसाळ्यात बैलगाड्या कशा जाणार, कुणाच्या शेताचे तुकडे होणार, रिक्षा कुठे उभ्या राहणार. यांची उत्तरं एका कृती समितीनं किंवा एका सरपंचानं द्यायची नाहीत. कायद्यानं ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती पेठेत आणि कसब्यात खरोखर भरवावी, एकाच दिवशी आणि दुपारच्या कामातून बायका मोकळ्या होतील अशा वेळी. रेल्वेचा नकाशा तिथे मराठीत समजावून सांगणारे दोन-तीन जण नेमावेत, आणि त्यांना मत देण्याचं काम देऊ नये. मग दोन्ही ग्रामसभांनी एकत्र बसावं. पेठेतून कोण आणि कसब्यातून कोण हा प्रश्न तिथेही निघेल. तो निघू द्यावा, आणि त्याचं उत्तर म्हणून शेत जाणाऱ्यांची नावं आधी घ्यावीत.