आठशे, पंधराशे, सोळाशे : आपल्या घरातली धाव

सोलापुरात फजरच्या नमाजनंतर रस्त्याच्या कडेने धावणारी तरुण मुले रोज दिसतात. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट असते : भरती. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यातले २० गुण धावण्याचे. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. उरलेले गुण १०० मीटर धाव आणि गोळाफेकीचे. म्हणजे ज्या घरात भरतीची तयारी चालते, त्या घराची भाकरी काही अंशी या दोन अंतरांवर अवलंबून आहे.

ही अंतरे कोणी सहज म्हणून ठरवलेली नाहीत. आठशे मीटर ही ऑलिम्पिकमधली जुनी शर्यत आहे. सोळाशे मीटर म्हणजे इंग्रजांचा मैल, फक्त नऊ मीटर कमी. खेळाच्या भाषेत याला मध्यम पल्ला म्हणतात. आपली मुले ज्या अंतरासाठी घाम गाळतात, त्याच अंतरावर गेल्या सव्वाशे वर्षांत जगात काय काय घडले, हे घरात बसून एकदा बोलावे असे आम्हाला वाटले. त्यातली काही नावे आपल्या शेजारच्या तालुक्यांतली आहेत, हे अनेकांना माहीतही नसते.

ना शंभर, ना मॅरेथॉन

शंभर मीटरमध्ये दहा-बारा सेकंदांत सगळे संपते. मॅरेथॉनमध्ये चूक झाली तर सावरायला वेळ मिळतो. मध्यम पल्ल्यात दोन्हींचा त्रास आहे आणि सवलत एकाचीही नाही. ४०० मीटरच्या मैदानावर ८०० म्हणजे दोन फेऱ्या, १५०० म्हणजे पावणेचार आणि १६०० म्हणजे चार. पहिल्या फेरीत जोशात पळालेला मुलगा शेवटच्या दोनशे मीटरला पाय उचलू शकत नाही, हे भरतीच्या मैदानावर कोणीही पाहू शकतो. वेगाने पळताना स्नायूंना लागणारा प्राणवायू श्वासातून पुरत नाही. शरीर उधारीवर काम चालवते आणि ती उधारी शेवटी एकदम वसूल होते. म्हणून या शर्यतीत दमाइतकीच अक्कल लागते : कुठे थांबून राहायचे, कुठे निघायचे.

१८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिम्पिक झाले, तेव्हा ८०० आणि १५०० या दोन्ही शर्यती होत्या आणि दोन्ही ऑस्ट्रेलियाच्या एडविन फ्लॅकने जिंकल्या. पुढे बरीच वर्षे चर्चा मैलाची होती. चार मिनिटांच्या आत मैल धावणे माणसाला शक्य नाही, असे अनेकांना वाटे. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला रॉजर बॅनिस्टर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल पुरा केला. गंमत पुढे आहे. जे तोवर कोणाला जमले नव्हते, ते साधारण दीड महिन्यातच ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने त्याहून कमी वेळात करून दाखवले. अडचण पायांची होती तितकीच मनाचीही होती.

१९६८ मध्ये मेक्सिको सिटीत केनियाच्या किपचोगे केइनोने १५०० मीटरचे सुवर्ण घेतले आणि पूर्व आफ्रिकेचे युग सुरू झाले. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये केनियाच्याच डेव्हिड रुडिशाने ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला.

नऊ जणी आणि बत्तीस वर्षे

मुलींच्या आठशेची गोष्ट वेगळी आहे आणि ती प्रत्येक आईबापाने ऐकावी अशी आहे. १९२८ साली ॲमस्टरडॅमला ऑलिम्पिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. जर्मनीच्या लीना राडकेने २ मिनिटे १६.८ सेकंद असा विश्वविक्रम केला. अंतिम शर्यतीत नऊ जणी होत्या आणि नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. शर्यत संपल्यावर दमलेला माणूस जमिनीवर बसतो, तशा काही जणी बसल्या. वर्तमानपत्रांनी मात्र बायका धडाधड कोसळल्याची वर्णने छापली. एकाने तर अकरा जणींचे हाल लिहिले. धावल्या होत्या नऊच!

या आरडाओरड्याचा परिणाम असा झाला की बायकांची ही शर्यत ऑलिम्पिकमधून काढून टाकली गेली. ती परत आली १९६० साली, रोममध्ये. मध्ये बत्तीस वर्षे गेली. बायकांचे १५०० मीटर १९७२ मध्ये आले आणि ३००० मीटर स्टीपलचेस तर थेट २००८ मध्ये. 'मुलींच्या शरीराला हे झेपणार नाही' हे वाक्य युरोपातल्या सुशिक्षित डॉक्टरांनी आणि पुढाऱ्यांनी सांगितले होते आणि ते खोटे निघाले. आज तेच आठशे मीटर भरतीसाठी आपल्या मुली धावतात.

अल्जीरिया, मोरोक्को आणि एक निर्वासित मुलगी

पंधराशे मीटरच्या इतिहासात मुस्लिम देशांच्या खेळाडूंचे स्थान फार मोठे आहे. १९९१ साली टोकियोच्या जागतिक स्पर्धेत पुरुषांचे आणि महिलांचे, दोन्ही १५०० मीटरचे सुवर्ण अल्जीरियाला मिळाले : नूरुद्दीन मोरसेली आणि हसीबा बूलमेरका. हसीबाने पुढच्या वर्षी बार्सिलोनाला ३ मिनिटे ५५.३० सेकंदांत शर्यत जिंकून अल्जीरियाला पहिलेवहिले ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिले. त्या काळात तिच्या देशात रक्तपात सुरू होता. तिच्या धावण्यावर आणि कपड्यांवर जहाल मंडळींनी आक्षेप घेतला, जिवाच्या धमक्या आल्या, सराव देशाबाहेर करावा लागला. तरी ती आपल्या देशाचा झेंडा घेऊनच धावली.

मोरोक्कोच्या हिशाम अल गरूजची गोष्ट सब्र या शब्दाचा अर्थ सांगते. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये शेवटच्या फेरीची घंटा वाजत असताना तो अडखळून पडला. २००० साली सिडनीत सगळे त्याला विजेता धरून चालले होते, तो दुसरा आला. दरम्यान १९९८ मध्ये रोमला त्याने १५०० मीटर ३ मिनिटे २६.०० सेकंदांत धावून विश्वविक्रम केला होता, पुढच्या वर्षी मैलाचाही केला. जगात सर्वांत वेगवान, पण ऑलिम्पिकचे सुवर्ण नाही. २००४ मध्ये अथेन्सला, आठ वर्षांनी, त्याने १५०० मीटर जिंकले आणि चार दिवसांनी ५००० मीटरही. एकाच ऑलिम्पिकमध्ये या दोन्ही शर्यती जिंकण्याचा पराक्रम त्याआधी १९२४ साली फिनलंडच्या पावो नुर्मीने केला होता.

सिफान हसन इथिओपियात जन्मली आणि पंधराव्या वर्षी निर्वासित म्हणून नेदरलँड्सला गेली. तिथे नर्सिंग शिकता शिकता ती धावू लागली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटरच्या प्राथमिक फेरीत शेवटचा वळसा सुरू होताना ती पडली, उठली, सगळ्यांना मागे टाकून पहिली आली. त्या स्पर्धेत तिने १५०० मध्ये कांस्य, ५००० आणि १०,००० मध्ये सुवर्ण घेतले. २०२४ ला पॅरिसमध्ये मॅरेथॉन जिंकल्यावर ती पदक घ्यायला हिजाब घालून उभी राहिली. हसीबा शॉर्ट्समध्ये धावली, सिफानने पदक हिजाबात घेतले. कपड्यांचा निर्णय दोघींचा स्वतःचा होता. धावण्याच्या आड तो आला नाही.

आपल्या देशाचे पाय

१९५१ मध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या, तेव्हा ८०० आणि १५०० मीटरची दोन्ही सुवर्णपदके भारताने घेतली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटरच्या अंतिम फेरीत राजपुताना रायफल्सचे श्रीराम सिंह पहिल्या फेरीत सर्वांच्या पुढे होते. शर्यत क्यूबाच्या आल्बेर्तो हुआंतोरेनाने विश्वविक्रमासह जिंकली, श्रीराम सिंह सातवे आले. वेळ १ मिनिट ४५.७७ सेकंद. हा भारतीय विक्रम तब्बल ४२ वर्षे टिकला. २०१८ मध्ये जिन्सन जॉन्सनने तो मोडला. २०२५ मध्ये केरळच्या मोहम्मद अफसलने १ मिनिट ४५ सेकंदांची भिंतही ओलांडली.

श्रीराम सिंहांच्या मागे उभे असलेले गुरू होते इलियास बाबर. आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचे सुवर्ण जिंकणाऱ्या गीता जुत्शी याही त्यांच्याच शिष्या. त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, पण आपल्या घरांत हे नाव फारसे कोणी घेत नाही. पदक गळ्यात पडते ते एकाच्या, त्यामागे घड्याळ घेऊन उन्हात उभा राहणारा दुसराच असतो.

दुष्काळी पट्ट्यातले दोघे

आता जवळ येऊ. माळशिरसला लागून साताऱ्याचा माण तालुका. पाऊस कमी, टँकर नेहमीचे. तिथल्या मोही गावच्या शेतकरी कुटुंबातल्या ललिता बाबर शाळेत खो-खो खेळायच्या. पुढे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या सलग तीन वेळा पहिल्या आल्या. मग त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेस निवडली. या शर्यतीत २८ वेळा लाकडी अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. अडथळा हलत नाही. चुकलात तर पडणार तुम्हीच. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य आणि २०१५ मध्ये आशियाई विजेतेपद मिळवल्यावर २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली आणि दहाव्या आल्या. पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिम्पिकच्या धावमार्गावर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेली भारतीय महिला त्याआधी ३२ वर्षे झाली नव्हती.

करमाळ्याच्या पलीकडे जामखेड ओलांडले की बीडचा आष्टी तालुका लागतो. तिथल्या मांडवा गावचे अविनाश साबळे. आईवडील मजुरी करणारे, शाळा सहा किलोमीटरवर, गाडीची सोय नाही. पोरगा चालत आणि पळत शाळेत जायचा. बारावीनंतर तो फौजेत, महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. सियाचीनची थंडी आणि राजस्थानचे ऊन पाहून झाल्यावर तो खेळाकडे वळला. २०१८ मध्ये त्यांनी १९८१ पासून उभा असलेला गोपाल सैनी यांचा स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्य मिळवले. त्याआधी १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाच नेत असे. साबळे यांचे सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ते सुवर्णविजेते ठरले. २०२४ मध्ये त्यांनी ८ मिनिटे ९.९१ सेकंद असा विक्रम केला आणि पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावले. साबळे फौजेत गेले ते नोकरीसाठी, आपली मुले भरतीला जातात त्याच कारणाने. धावणे पुढे उंच गेले.

आपण काय करावे?

आम्हाला आमच्या शहरात एक गोष्ट सतत दिसते. शाळेच्या क्रीडादिनी मुली जीव तोडून धावतात. आठवी-नववीनंतर त्यांचे मैदान सुटते. मग वीस-एकविसाव्या वर्षी भरतीचा अर्ज भरला की तीन महिन्यांत आठशे मीटर बसवण्याची धडपड सुरू होते. दम तीन महिन्यांत तयार होत नाही, तो वर्षांनी होतो. मधली सहा-सात वर्षे आपणच वाया घालवतो.

मैदानावर अम्मी, अब्बा, भाऊ किंवा मैत्रीण सोबत असेल तर अर्धी काळजी मिटते. पूर्ण बाह्यांचा सैल टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि नीट बांधलेला स्कार्फ घालून सराव चांगला होतो. महागड्या बुटांची सुरुवातीला गरज नाही. मापाचे आणि टाच सांभाळणारे बूट पुरेत. आठवड्यातले बहुतेक धावणे बोलता येईल इतक्या सावकाश वेगाने असावे, वेगाचा सराव एक-दोन दिवसच. रोज जीव काढून पळणाऱ्या मुलांची नडगी आणि गुडघे दुखू लागतात आणि भरतीच्या तोंडावर ती घरी बसतात. चाचणीत पहिली फेरी थोडी राखून पळावी. वेळ शेवटच्या फेरीत वाचतो.

खाण्यात आपली ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, डाळ, पालेभाजी, अंडी हे उत्तम. मुलीला लवकर धाप लागत असेल तर तिला आळशी म्हणू नये, आधी हिमोग्लोबिन तपासावे. रमजानमध्ये जोराचा सराव टाळावा. इफ्तारच्या थोडे आधी हलके धावणे किंवा तरावीहनंतर थोडा व्यायाम पुरतो. रात्री पाणी भरपूर प्यावे.

आणि भरती हे एकच दार नाही. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुक्यापासून राज्यापर्यंत होतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्रे लागतात आणि त्यांची तयारी शाळेच्या वयातच सुरू व्हावी लागते. तेव्हा या वर्षी शाळेतून स्पर्धेचा फॉर्म घरी आला तर तो मुलाचा असो वा मुलीचा, आईबापांनी त्यावर सही करावी. फॉर्मची मुदत गेली की गेली, आणि ते वयही.