कुंकू गायब, हळद काळी!

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावात पौष पौर्णिमेला जत्रा भरते. बैलांचा बाजार, घोंगड्या, धुरळा, माणसंच माणसं. तिथल्या एखाद्या आजींचा हळद-कुंकू लावलेला फोटो मोबाइलमध्ये असेल, तर तो आधी उघडा. स्नॅपसीड या अ‍ॅपमध्ये फोटो ब्लॅक अँड व्हाइट करताना रंगीत फिल्टर निवडायची सोय आहे. लाल निवडलात की कुंकू कपाळात जवळजवळ विरघळतं. निळा निवडलात की हळद आणि कुंकू दोन्ही काळी! हिरवा घेतलात, तर हळद उजळ आणि कुंकू गडद. फोटो एकच, कपाळं तीन.

सॉफ्टवेअर फोटोतल्या दर ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा किती आहे ते बघतं आणि तिघांची बेरीज करून करड्याच्या २५६ छटांपैकी एक त्याला देतं. या बेरजेत कुणाचं वजन किती धरायचं, ते आपण ठरवू शकतो. सगळी मजा तिथेच आहे.

घरातल्या फार जुन्या फोटोत पणजीचं कुंकू काळंभोर दिसतं ना? विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बहुतेक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. तिला कळायचे निळा आणि हिरवा. त्यामुळे आजच्या फोटोला खरा जुना बाज द्यायचा असेल, तर तपकिरी मुलामा देण्यापेक्षा निळा फिल्टर लावून बघा. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती उठून येते. उलट लाल फिल्टर त्वचा नितळ करतो. म्हाताऱ्या माणसांच्या फोटोला लाल लावू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या सुरकुत्यांसाठीच तर फोटो काढायचा!

आपण काहीच ठरवलं नाही, तर पुष्कळदा एक जुना हिशेब लागू होतो: हिरव्याला ५९ टक्के, लालला ३०, निळ्याला जेमतेम ११. माणसाच्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो, म्हणून ही वाटणी. ती ठरली रंगीत टीव्हीसाठी, म्हणजे रंगीत प्रक्षेपण जुन्या ब्लॅक अँड व्हाइट संचावरही नीट दिसावं यासाठी. १९८२मध्ये दूरदर्शन रंगीत झालं, पण ज्यांच्या घरी जुनाच टीव्ही होता, त्यांच्यासमोर हाच हिशेब रोज संध्याकाळी चालू असे. हिरव्याचा मान कॅमेऱ्यातही आहे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत सेन्सरवरचे निम्मे ठिपके हिरव्याचे असतात. लाल आणि निळा उरलेल्या निम्म्यात.

जिंप या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर रंग उडवायचे पाच प्रकार आहेत. त्यातल्या ‘लाइटनेस’मध्ये शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा एकाच करड्या रंगाचे होतात! उन्हाळ्याच्या तोंडावर फुललेला पळस असा सपाट होऊन बसला, तर दोष पळसाचा नाही. प्रकार बदला.

भाताची खाचरं उजळायची आहेत? हिरवी पट्टी सरकवून फारसं काही होत नाही, कारण पानांचा रंग आपल्याला वाटतो त्याहून बराच पिवळा असतो. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये आठ रंगांच्या पट्ट्या असतात. त्यातली पिवळी वर न्या, आख्खं शिवार उजळतं. मग निळी खाली ओढली, की आभाळ दाटून येतं.

आता शहापूरकडे. आसनगावहून माहुली किल्ल्याचे सुळके हिवाळ्यात धुरकट दिसतात. हवेतल्या अतिसूक्ष्म कणांवर निळा प्रकाश लालपेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो, आणि मधली हवा पांढुरकी होते. लाल फिल्टर लावला की बराच धुरकटपणा जातो, सुळक्यांच्या कडा स्पष्ट होतात. हीच युक्ती पावसाळ्यात माळशेज घाटात करून बघाल, तर काही उपयोग नाही! धुक्याचे थेंब मोठे असतात, ते सगळे रंग सारखेच विखुरतात. तिथे धुक्याचाच फोटो काढावा.

वारली चित्राला निळा फिल्टर हवा. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ असते. निळ्यात गेरू काळवंडतो आणि तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर लखलखतो. लाल लावला, तर भिंतच उजळते आणि रेघा फिक्या पडतात.

गंमत म्हणजे डिजिटल फोटो जन्मला तोच ब्लॅक अँड व्हाइट. १९५७मध्ये अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन केला: १७६ बाय १७६ ठिपके. १९७५चा स्टीव्हन सॅसन यांचा डिजिटल कॅमेरा एक करडा फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घ्यायचा. फोटोशॉपचं बीसुद्धा थॉमस नोल यांनी १९८७मध्ये लिहिलेला, करड्या छटा पडद्यावर दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम!

एक काळजी घ्या. फोटो रंगीतच काढा आणि जमलं तर ‘रॉ’, म्हणजे सेन्सरची मूळ नोंद, ठेवा. जेपेगमध्ये जागा वाचवायला रंगाचे बारकावे आधीच कापलेले असतात. पट्ट्या जोरात ओढल्या की आभाळात चौकोन दिसू लागतात.

या सगळ्या पट्ट्या एका ठिकाणी मात्र हरतात. मुरबाडहून वैशाखरेमार्गे नाणेघाट चढलात, की वरच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. नागनिका राणीच्या काळचा, यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचे आकडे सांगणारा. काळ्या कातळाला रंग असा नाहीच, मग फिल्टर कशाला काय करणार? अभ्यासक अशा लेखांचा ठसा घेतात. ओला कागद अक्षरांत ठोकून बसवायचा आणि वर शाई फिरवायची. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात. फोटोत तेच साधायला उजेड तिरपा हवा. टॉर्च भिंतीलगत आडवा धरा, खाचांत सावली भरते. मात्र उजेडाच्या दिशेनेच गेलेली रेघ त्यात लपते. म्हणून एक फोटो बाजूने उजेड टाकून, दुसरा वरून टाकून घ्या आणि वाचताना दोन्ही शेजारी ठेवा.