अर्थ लागला, दिवा लागला!

मागच्या दिवाळीत मी मामाच्या ट्रकच्या केबिनमध्ये निळ्या एलईडीची पट्टी लावून दिली. ऑनलाइन मागवली, व्हिडिओ बघून जोडली. मामा खूश, मी त्याहून खूश. केळी भरून रावेरहून दिल्लीला जाणाऱ्या गाड्यांमध्ये आमचीच केबिन भारी!

परवा त्याच ट्रकमधून बऱ्हाणपूरपर्यंत गेलो. दिवस मावळला आणि पट्टी मंद झाली. छतावरचा कंपनीचा दिवाही लुकलुकायला लागला. मामा मोबाइलच्या उजेडात बिल्टी शोधत म्हणाला, ‘‘भाच्या, तुझी दिवाळी संपली रे!’’

आपल्याला वाटतं, आतला दिवा म्हणजे शोभेची गोष्ट. पण दिल्ली रावेरहून हजार किलोमीटरच्या आसपास. तिथवर ड्रायव्हर आणि क्लीनर त्या केबिनमध्येच राहतात. डबा तिथेच खायचा, कागद तिथेच वाचायचे, झोपायचंही तिथेच. २०२५पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, कारण ती माणसाची राहायची जागा आहे हे मान्य झालं. मग दिवा तर पहिली गरज.

ढाब्याशेजारी ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. मिस्त्रींनी हत्यार काढायच्या आधी प्रश्न विचारला, ‘‘एकच दिवा गेला की सगळे?’’

निम्मं उत्तर या प्रश्नातच असतं. एकच दिवा गेला तर बल्ब, होल्डर नाहीतर बटण बघायचं. सगळे एकदम गेले तर फ्यूज किंवा बॅटरी. दिवा मंद असेल तर व्होल्टेज कमी पडतंय. लुकलुकत असेल तर कुठेतरी जोड ढिला आहे.

फ्यूज शाबूत होता. मग त्यांनी छतावरच्या दिव्याच्या निगेटिव्ह टोकाला एक सुटी वायर लावली आणि ती थेट बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवली. दिवा लख्ख! म्हणजे बल्ब ठीक, येणारा करंट ठीक, घोळ परतीच्या वाटेचा. गाडीत प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर नसते, करंट बॉडीतून परत जातो. त्यालाच ‘अर्थ’ म्हणतात. आमच्या अर्थच्या बोल्टखाली गंज चढला होता. तो पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळला, लुकलुक बंद. खर्च शून्य!

माझ्या पट्टीचं प्रकरण मात्र गंभीर निघालं. ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट करतात. माझी पट्टी १२ व्होल्टची, म्हणून मी हुशारी करून एकाच बॅटरीवरून वायर घेतली होती. मिस्त्रींनी मीटर लावला. एक बॅटरी १२.७, दुसरी ११.८. इंजिन बंद असताना १२.६च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. डायनामोला दिसते ती दोन्हींची बेरीज. बेरीज बरोबर आली की तो समाधानी. त्यामुळे पट्टीवाली बॅटरी रोज उपाशी आणि दुसरी रोज जास्त जेवते. शेवटी दोन्ही लवकर मरतात. रात्री एखाद्या घाटात गाडी बंद केली आणि पुन्हा चालूच झाली नाही तर? गाडीत केळी, वर मे महिन्याचं ऊन!

त्याहून वाईट म्हणजे मी वायरीला फ्यूजच लावला नव्हता. पत्र्याच्या कडेवर घासून तिचं आवरण सोललं होतं. ती वायर क्लीनरच्या झोपायच्या फळीमागून जात होती. मिस्त्री शांतपणे म्हणाले, ‘‘फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. नसला की वायरच तापून पेटते.’’ मी मान खाली घातली.

त्यांनी २४चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवला, बॅटरीजवळच छोटा फ्यूज टाकला आणि वायर पाइपातून नेली. फ्यूज उडाला तर चांदीचा कागद गुंडाळायचा नाही, मोठ्या आकड्याचाही लावायचा नाही, आधी कारण शोधायचं, हेही बजावलं.

राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१मध्ये आलं. जुनी व्हॅन घेऊन तिचं घर करायचं स्वप्न आपल्यातले बरेच जण बघतात. जरूर बघा. पण आतली लाइट जोडण्याआधी फ्यूज, व्होल्टेज आणि अर्थ हे तीन शब्द पाठ करा. कार किंवा व्हॅन १२ व्होल्टचीच असते, तरी फ्यूज आणि अर्थचा नियम तोच. आणि हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

मी बऱ्हाणपूरला उतरलो. तिसऱ्या दिवशी मामाचा फोन आला, ‘‘पोहोचलो. क्लीनर रात्री पेपर वाचत बसला होता.’’

तो पेपर बहुतेक आपलाच असावा!