दिव्यांनी उघडा पाडलेला ताफा

माकूल, म्हणजे हॉटेलांत स्क्विड म्हणून मिळणारा जीव, रात्री उजेडाकडे खेचला जातो. म्हणून जपान आणि कोरियाच्या मधल्या समुद्रात माकूल पकडणाऱ्या बोटी प्रखर दिवे लावतात. मध्यरात्रीनंतर तिथून जाणारा ‘सुओमी एनपीपी’ हा अमेरिकी उपग्रह ते दिवे टिपतो.

संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये उत्तर कोरियाकडून मासळी आणि मासेमारीचे हक्क घ्यायला बंदी घातली. तरीही त्या देशाच्या पाण्यात परक्या बोटी होत्या. बोटीचं नाव, ठिकाण आणि वेग कळवणारं एआयएस यंत्र त्यांनी बहुतेक बंदच ठेवलं होतं. ‘ग्लोबल फिशिंग वॉच’ या संस्थेच्या संशोधकांनी मग वेगवेगळ्या उपग्रहांची माहिती एकत्र केली. ढग असोत की रात्र, रडारच्या लहरी धातूच्या सांगाड्यावर आपटून परत येतात. पण बोट कसली, हे त्यांतून नीट कळत नाही. ते छायाचित्रांनी सांगितलं: एकच जाळं मिळून ओढणाऱ्या ट्रॉलरच्या जोड्या त्यांत ओळखू आल्या. दिव्यांच्या तीव्रतेवरून उत्तर कोरियाच्या लहान बोटी वेगळ्या काढता आल्या.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष धक्कादायक होता. २०१७ मध्ये चिनी मूळ असलेल्या ९०० हून अधिक बोटी तिथे होत्या, पुढच्या वर्षी सुमारे ७००. दोन वर्षांत त्यांनी अंदाजे १ लाख ६० हजार टनांहून जास्त माकूल उपसलं. जपान आणि दक्षिण कोरियाच्या एकत्रित पकडीइतकंच जवळजवळ. या जिवाचं आयुष्य जेमतेम वर्षभराचं, त्यामुळे यंदा अंडी घालायला जेवढे उरतील, त्यांच्यावरच पुढचा हंगाम. दक्षिण कोरिया आणि जपानच्या पाण्यातली पकड २००३ पासून सुमारे ८० टक्क्यांनी घटली होती. मोठ्या ताफ्यापुढे टिकाव न लागलेले उत्तर कोरियाचे मच्छीमार लाकडी होड्यांतून दूर रशियाच्या हद्दीकडे वळले. कित्येक होड्या भरकटून जपानच्या किनाऱ्याला लागल्या, काहींत मृतदेह होते. मला या संशोधनातलं सर्वांत महत्त्वाचं हेच वाटतं. पकडीचा हिशेब चुकला, तर त्याची किंमत आधी लहान होडीवाला मोजतो.

एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर आपल्याकडेही २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, आणि कोकणातले पारंपरिक मच्छीमार तिच्या अंमलबजावणीसाठी सतत आवाज उठवतात. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरमध्ये देशभरातल्या १ लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे बोटीचं ठिकाण कळवणारं यंत्र, बसवण्याची योजना सुरू झाली. वादळात अडकलेल्याला तो नक्कीच आधार देईल. पण बंद केलेला ट्रान्सपॉन्डर काहीच सांगत नाही. चोरून दिवे पेटवणाऱ्यासाठी रडार आणि रात्रीचे दिवे टिपणारे उपग्रहच कामाला लावायला हवेत, आणि त्यांनी दाखवलेल्या ठिकाणी गस्ती नौका त्याच रात्री पोहोचायला हवी.