माळ्यावरची बंदूक आणि वन बीएचकेचं स्वप्न

रविवारी सकाळी ऑफिसमधल्या मित्राचा फोन. "बोटीने ये गोराईला, आजोबांच्या माळ्यावर खजिना सापडलाय!" बोरिवलीच्या जेट्टीवरून खाडी ओलांडली, रिक्षा पकडली आणि त्याच्या कौलारू घरी पोचलो. खजिना म्हणजे गोणपाटात गुंडाळलेली, चार फुटांहून लांब बंदूक. साहेबांनी हिशेबही मांडला होता: लिलाव, लाखो रुपये, फ्लॅटचं डाऊन पेमेंट. हातात सॅण्डपेपर!

मला जुन्या बंदुकांविषयी वाचायचं वेड. आधी तो सॅण्डपेपर काढून घेतला. गंजाखालीच तर बंदुकीचा बायोडेटा कोरलेला असतो. घासला, की भाव गेला.

मग तो नळीत डोकावायला लागला. मी ओरडलोच. ठासणीची बंदूक कधीकधी भरलेलीच ठेवून दिलेली असते!

घोड्याखालच्या पट्टीवर मुकुट आणि 'टॉवर' ही अक्षरं होती. म्हणजे लंडनचा टॉवर, ब्रिटिशांचं शस्त्रागार. १८५३च्या एनफिल्ड रायफलवर हा शिक्का हमखास दिसतो. तिच्याच काडतुसांनी १८५७च्या उठावाला ठिणगी दिली. मित्राचे डोळे चमकले.

पण नळीच्या तोंडाशी बाजूने टॉर्च मारला, तर आत खाचा नव्हत्या. नळी गुळगुळीत. उठावानंतर इंग्रजांनी देशी शिपायांना मुद्दाम अशाच कमी नेमाच्या बंदुका दिल्या. शिवाय 'टॉवर'च्या नकलाही पुष्कळ झाल्या. त्यामुळे नुसत्या शिक्क्यावर भाव ठरत नाही.

तेवढ्यात आंटी चहा घेऊन आल्या. "अरे, हिचं लायसन आहे पेटीत. पप्पांनी शेताच्या राखणीला घेतली होती." लायसन होतं, पण पप्पांच्या नावाचं, आणि पप्पा मागच्या वर्षी गेले. फ्लॅटसारखं लायसन वारसाहक्काने मिळत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार अशी बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायची आणि हवी असेल तर स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. दुरुस्त करूनही चालणार नाही, अशा जुन्या बंदुकीलाच सूट. आणि शंभरी ओलांडलेली पुराणवस्तू आपल्याला परदेशी विकता येत नाही. लंडनच्या लिलावाचे आकडे विसरा!

मित्र गप्प झाला. सोमवारी हाफ डे टाकून, पोलीस ठाण्यात आधी फोन करून बंदूक जमा केली. पावती मिळाली.

आंटींनी भिंतीवरचा पप्पांचा फोटो पुसला. फोटोत बंदूक त्यांच्या खांद्यावर. "पैशाचं काय ते तुम्ही बघा," त्या म्हणाल्या, "मला हा पुरे."

तुमच्या माळ्यावर सापडली तर?
* भरलेली आहे असंच समजा. घोड्याला हात नको.
* घासू नका, पॉलिश नको. शिक्क्यांचे फोटो काढा.
* तारखा जुळवा. राणी व्हिक्टोरिया १९०१मध्ये वारली. 'व्ही.आर.' आणि खाली १९१९ असेल, तर माल डुप्लिकेट!
* '.३०३'वर 'इशापूर' आणि 'जी.आर.आय.' दिसलं, तर ती बंगालच्या कारखान्यातली, ब्रिटिश अमदानीतली.
* नळी आणि बोल्टवरचे नंबर एकच असतील, तर किंमत वाढते.
* भाव नंतर, लायसन आधी.