विश्लेषण : खाणीच्या जमिनीवर गवत उगवेल; पण गुरे कधी सोडायची?

चंद्रपूर, वणी, उमरेड या कोळसापट्ट्यात खुल्या खाणींभोवती दगडमातीचे डोंगर उभे आहेत. त्यांवर हिरवाई आणण्याचे प्रयत्न जुनेच. मात्र त्या हिरवाईचा आसपासच्या गुरांना काही उपयोग आहे का, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

न्यायालयाचा आदेश काय?

८ जानेवारी २०२० रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने केंद्राला नवी अट घालण्यास सांगितले. खाणकाम थांबल्यावर खाणक्षेत्र आणि खाणकामाने बिघडलेली अन्य जमीन पट्टाधारकाने स्वखर्चाने पुन्हा गवताखाली आणायची. ती चारा, वनस्पती आणि प्राण्यांसाठी योग्य करायची. पर्यावरण मंत्रालयाने १६ जानेवारीला तसे ज्ञापनही काढले.

झाडांऐवजी गवत कशासाठी?

कोळशावरचा काढून टाकलेला थर, म्हणजे ओव्हरबर्डन, ही माती नव्हेच. त्यात सेंद्रिय द्रव्य आणि नत्र जेमतेम असते, पाणी टिकत नाही. पहिल्याच पावसात उतारावर घळी पडतात आणि गाळ नाल्यात जातो. मारवेल, अंजन, पवना यांसारख्या गवतांची तंतुमुळे हा थर लवकर बांधून ठेवतात; सोबत पेरलेल्या स्टायलोसारख्या शेंगवर्गीय चाऱ्यामुळे नत्र मिळते. खाण खोदताना वरची सुपीक माती वेगळी राखली असेल, तर काम निम्मे सोपे होते. ती नसेल तर बाहेरून जीव ओतावा लागतो. नागपूरच्या ‘नीरी’ने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्यातील प्रेसमड, मायकोरायझा बुरशी आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू वापरून रोपवन उभे केले होते.

झटपट वाढणारी परदेशी झाडे लावणे सोपे. गोव्यातील खाणींच्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ भरपूर लावली गेली. तिच्या दाट पालापाचोळ्याखाली गवत फारसे येत नाही. पण झाडे अहवालात मोजून दाखवता येतात, हीही तिची एक सोय असावी.

मग चराईबंदीच का करू नये?

सुरुवातीला ती हवीच. कोवळे गवत गुरे मुळासकट उपटतात. शेळ्या रोपांचे शेंडे खातात. ओल्या उतारावर खुरांमुळे माती सरकते आणि सपाटीवर घट्ट दबते. त्यामुळे गवताला बी धरून ते गळेपर्यंत, निदान पहिले दोन-तीन पावसाळे, जनावरे बाहेर ठेवून गवत कापून नेऊ देणे हा उत्तम मार्ग. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने आपल्या डोंगरावर हेच केले : चराई बंद, कापणी चालू.

मात्र कुंपण कायमचे ठेवले तर वाळलेले गवत साचते आणि उन्हाळ्यात वणव्याला सरपण मिळते. म्हणून मुळे पक्की झाल्यावर क्षेत्राचे तुकडे पाडून, पावसाळा सरल्यावर, आळीपाळीने चराई सुरू करता येते. सुमारे निम्मे गवत शिल्लक असतानाच कळप पुढच्या तुकड्यात हलवायचा. शेणही जमिनीला मिळते.

त्याआधी चारा तपासायला हवा. काही खनिजांच्या ढिगाऱ्यावरील गवतात मॉलिब्डेनम जास्त उतरते आणि ते खाणाऱ्या गुरांना तांब्याची कमतरता होते. वरून गवत हिरवेगारच दिसते.

अडचण कुठे आहे?

अमेरिकेच्या १९७७च्या कायद्यात गवताचे आच्छादन आणि जमिनीची उत्पादकता ठरलेल्या मापाला उतरल्याशिवाय कोळसा कंपनीची हमीची रक्कम पूर्ण सुटत नाही. ही जबाबदारी किमान ५ वर्षे राहते. वर्षाला २६ इंच किंवा त्याहून कमी पाऊस असलेल्या भागात १० वर्षे. आपल्याकडे खाण बंद करण्याच्या खर्चासाठी कोळसा कंपन्यांना एस्क्रो खात्यात पैसे ठेवावे लागतात. पण गवताचे कुरण झाले हे कोणी ठरवायचे आणि फाटक कोणासाठी उघडायचे, हे न्यायालयाच्या अटीत नाही. १९५७च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली संपादित झालेली जमीन खाणकामानंतर मूळ मालकाकडे आपोआप परत जात नाही. तिथे पूर्वी गुरे चारणाऱ्या गुराख्याचे नाव तर सातबाऱ्यावर कधी नव्हतेच.